अर्चनाचे ओरिजिनल

प्रिय तन्वी आणि निनाद,

सोयगावच्या एसटी स्टँडवरून मी पहिल्यांदा घर सोडलं तेव्हा मी सतरा वर्षांची होते. तन्वी, तुझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान. गाडी औरंगाबादची. पत्र्याची ट्रंक टपावर बांधून झाली होती आणि दशम्या-ठेच्याचं गाठोडं माझ्या मांडीवर होतं. खिडकीखाली माझे वडील उभे होते; आम्ही त्यांना दादा म्हणायचो. पेरण्या तोंडावर आल्या होत्या, तरी ते शेत सोडून आले होते.

"इमल, शीक," दादा म्हणाले. "शिकून काम माग, पर मानानं माग. कुणाच्या पाया पडून मिळालेली नोकरी आपल्याला नको."

आईची काळजी वेगळी होती. "लई बोलू नको बाई तिथं," ती म्हणाली. "शहरातल्या लोकायला तोंडाळ पोर चालत नाय."

अजिंठ्याचा घाट चढेपर्यंत मी खिडकीबाहेर डोकं काढून उलट्या करत होते. त्या गडबडीत रडायचं राहूनच गेलं.

इथे कॉलेजात इंग्रजी शिकले, बी.ए. झाले, बी.एड. झाले. निकाल लागल्यावर आमच्या विभागप्रमुखांनी चार ओळींची चिठ्ठी लिहून दिली. ती घेऊन मी एका मुलींच्या शाळेत गेले आणि पुढच्या सोमवारी आठवीच्या वर्गावर उभी होते. त्याच शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले. माझ्या आयुष्यात नोकरी शोधायला एकूण एक सकाळ लागली. हे मी फुशारकीने सांगत नाही. अशा माणसाला नोकरी शोधण्यातलं काहीही कळत नसतं, आणि ते कळत नाही हेही त्याला ठाऊक नसतं, म्हणून सांगते.

तन्वी, मेमध्ये व्हिडिओ कॉलवर तू विचारलंस, "आजी, आत्याला अजून जॉब का नाही मिळाला? तिने प्रोफाइल अपडेट केलंय ना?" तू काळजीनेच विचारलंस. मी फोन अर्चनाच्या हातात दिला आणि स्वयंपाकघरात निघून गेले. मला भयंकर राग आला होता. तुझा नाही. कुणाचा, ते तेव्हा धड सांगता आलं नसतं. आता सांगता येईल. हे पत्र मी इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला वाचायला सोपं गेलं असतं, पण राग मला मराठीतच येतो. सावकाश वाचा. अडलं तर बाबांना विचारा.

तुमची अर्चनाआत्या त्रेचाळीस वर्षांची आहे. रसायनशास्त्रात एमएस्सी, वर बी.एड., आणि जळगाव रोडवरच्या एका खासगी इंग्रजी शाळेत नऊ वर्षं शिकवलेलं. शाळेचं नाव लिहीत नाही. मागच्या उन्हाळ्यात त्या शाळेने आपल्या शिक्षकांना कॉलन्यांमधून फिरवलं. मे महिन्याचं ऊन, हातात रंगीत पत्रकं, आणि प्रत्येकीने पाच मुलांचे प्रवेश आणायचे. एमएस्सी झालेली बाई हडकोतल्या घरांच्या बेल वाजवत हिंडत होती. एका घरात तिला वॉटर फिल्टर विकणारी समजून दारातूनच परत पाठवलं. तिने एकच प्रवेश आणला, तोही आमच्या दूधवाल्याच्या मुलीचा. मग स्टाफ मीटिंगमध्ये कमी प्रवेश आणणाऱ्यांना उभं केलं. चाळिशीतल्या बायकांना, शाळेतल्या पोरींसारखं. त्या दिवशी घरी आल्यावर चप्पल काढायच्या आधी ती म्हणाली, "आई, आता बस्स."

तिथून शोध सुरू झाला.

तुम्हाला माहीत आहे, मला सगळं लिहून ठेवायची सवय आहे. मी एक वही केली. तारीख, ठिकाण, कोण भेटलं, काय म्हणालं, असे चार रकाने आखले. चौथ्या रकान्यात पान उलटावं तसं एकच वाक्य येत गेलं: कळवतो. कुणीही कळवलं नाही. नाही म्हणायलासुद्धा या लोकांना जड जातं. नकार दिला असता तर मी त्यांचा मान ठेवला असता.

काय काय सांगू? एका शाळेत तिला विचारलं, "लग्नाचा विचार आहे का पुढं? नाही, मग मधेच सोडून जाता तुम्ही लोक." त्याच आठवड्यात दुसऱ्या शाळेने सांगितलं, "वय थोडं जास्त वाटतंय मॅडम, आम्हाला यंग टीम हवी." म्हणजे सोमवारी ती भरवसा ठेवायला फार तरुण होती आणि गुरुवारी कामावर घ्यायला फार म्हातारी. उस्मानपुऱ्यातल्या एका क्लासने तीन दिवस डेमो लेक्चर घेतली. अर्चनाने मोल कन्सेप्टवर रात्रंदिवस खपून नोट्स केल्या होत्या. महिन्याभराने आमच्या शेजारच्या सार्थकच्या दप्तरात त्याच नोट्स सापडल्या, वर क्लासचा छाप. तिचं अक्षर मी ओळखणार नाही का? मी फोन केला. पलीकडचा पोरगा म्हणाला, "आजी, कंटेंट क्लासचा असतो." आजी म्हणे! मी त्याला नातू मानायला तयार नाही, एवढं नक्की.

आणि ते ऑनलाइन अर्ज. प्रत्येक ठिकाणी तीच माहिती पुन्हा भरायची. अकरा पानं भरून झाली की स्क्रीनवर यायचं, तुमचा वेळ संपला आहे. अर्चना हसायची. सुरुवातीला हसायची.

एप्रिलअखेर तिने राजीनामा दिला, आणि मेमध्ये एकदाचं काम जुळलं. बिडकीनच्या बाजूला नवीन कारखान्यांच्या वसाहतीसाठी शाळा निघाली आहे. नववी ते बारावी, चांगली प्रयोगशाळा, आमच्या चौकातून बस. त्यांनी मुलाखत घेतली, डेमो घेतला, आणि चक्क त्याच दिवशी सांगितलं: निवड झाली, सोमवारी मूळ प्रमाणपत्रं घेऊन रुजू व्हा. आमच्याकडे मूळ प्रमाणपत्रांना सगळे ओरिजिनल म्हणतात. सोमवारपर्यंत दहा दिवस होते.

ओरिजिनल जुन्या शाळेच्या कपाटात होते.

हे तुम्हाला तिकडे परदेशात समजणार नाही, म्हणून समजावून सांगते. इथे पुष्कळ खासगी शाळा रुजू होताना शिक्षकाची मूळ प्रमाणपत्रं जमा करून घेतात. दहावी, बारावी, पदवी, बी.एड., सगळी. कारण सांगतात सुरक्षिततेचं. खरं कारण असं की कागद आमच्याकडे असले की तुम्ही कुठे जाणार? नऊ वर्षांपूर्वी अर्चनाला ते द्यायचे नव्हते. तिने मला विचारलं होतं. मी म्हणाले होते, "देऊन टाक. शाळेचं कपाट घरापेक्षा सुरक्षित असतं." हे माझे शब्द. मी ते खोडणार नाही.

पहिल्या हेलपाट्यात तिला एक फॉर्म मिळाला. हेलपाटा म्हणजे कामाला जाऊन काम न होता परत येणं. फॉर्मवर अकरा सह्या हव्या होत्या: ग्रंथालय, प्रयोगशाळा, क्रीडा विभाग, अगदी बस विभागसुद्धा, आणि ही बाई नऊ वर्षं स्वतःच्या स्कूटीवर गेलेली. प्रयोगशाळेतली एक फुटकी ब्युरेट नोंदीतून कमी केली नव्हती म्हणून दोन दिवस गेले. दुसऱ्या हेलपाट्यात अकरा सह्या पूर्ण झाल्या, तेव्हा कळलं की ट्रस्टी साहेबांची बारावी सही लागते आणि साहेब दुबईला आहेत. कधी येणार? कळवतो.

शुक्रवार उजाडला. अर्चना जेवताना म्हणाली, "त्यांनी सोमवारनंतर दुसऱ्या उमेदवाराला बोलवलंय. वेटिंगवर आहे एक मुलगी. सव्वीस वर्षांची."

शनिवारी मी तिच्याबरोबर गेले. दोन प्रतींमध्ये अर्ज लिहून नेला होता, कागदांची यादी क्रमाने जोडली होती. आणि ऑफिसच्या टेबलामागे कोण असावं? गायकवाड. पूर्वी माझ्याच शाळेत सहा वर्षं कनिष्ठ लिपिक होता.

तो ताडकन उभा राहिला. "मॅडम! या या, बसा. तब्येत काय म्हणती? च्या सांगू?"

"चहा नको. अर्चनाचे ओरिजिनल दे."

"माझ्या हातात काय बी नाय मॅडम."

"कपाटाची किल्ली कुणाच्या हातात आहे?"

"ती हाय माझ्याकडंच," तो ओशाळून म्हणाला, "पर साहेबाच्या सहीबगर उघडता येत नाय."

"बरं. मग या अर्जाची पोच दे. शिक्का मार, तारीख टाक."

माझी सगळी हयात पोच देण्या-घेण्यात गेली आहे. दुसऱ्या प्रतीवर 'मिळाला' असा शिक्का बसला की अर्ज कचऱ्यात टाकता येत नाही. गायकवाडने शिक्क्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "पोच नाय देता येत मॅडम. पोच दिली म्हंजे कागद आमच्याकडं हायत हे लेखी होतं."

"आणि नाहीत का?"

"हायत की. पर लेखी नाय."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्याला नको ते बोलले. इतकी वर्षं शाळेत काढून हेच शिकलास का, असं विचारलं. त्याने ऐकून घेतलं. मग उलट उत्तर द्यायचं म्हणून नाही, खरंच आठवण झाल्यासारखा म्हणाला, "राग मानू नका मॅडम. ही शिस्त आपल्याच शाळंत शिकलो म्या. नसरीन मॅडमचं आठवतं ना? तवा किल्ली तुमच्या पर्समदी ऱ्हायची."

अर्चनाने माझ्याकडे पाहिलं. तिला हे नाव माहीत नव्हतं.

तुम्हालाही माहीत नाही, तेव्हा सांगते. नसरीन आमच्याकडे गणित शिकवायची. सिल्लोडची मुलगी, तेव्हा पंचविशीतली. तिला जिल्हा परिषदेच्या शाळेची ऑर्डर आली, आणि तिची प्रमाणपत्रं माझ्या कपाटात होती. आमच्या संस्थेतही तीच पद्धत होती, आणि ती मी सुरू केलेली नसली तरी चालवली मीच. पंधरा दिवसांत रुजू व्हायचं होतं. ऐन जानेवारी, दहावीची परीक्षा तोंडावर. मी म्हणाले, परीक्षा होऊ दे, मग ने. ती तीनदा आली. तिसऱ्यांदा तिचे वडील आले, डोक्यावरची टोपी हातात घेऊन उभे राहिले. "मॅडम, बच्ची का सवाल है," एवढंच म्हणाले. मी त्यांना खुर्ची दिली, चहा दिला, आणि कागद दिले नाहीत. ऑर्डरची मुदत गेली. त्या वर्षी आमचा गणिताचा निकाल छान लागला आणि शिक्षकसभेत मी नसरीनचं तोंडभरून कौतुक केलं. तिनेही उठून आभार मानले. दोन वर्षांनी ती सोडून गेली. मला तेव्हा झोप न लागल्याचं आठवत नाही.

ऑफिसमधून मी बाहेर आले ती थेट समोरच्या हॉलमध्ये जाऊन बसले. शनिवार म्हणजे त्या शाळेचा प्रवेशाचा दिवस. पंधरा-वीस पालक फॉर्म भरत होते. शेजारी एक तरुण जोडपं होतं, चिकलठाण्याच्या एमआयडीसीतलं. नवऱ्याने सहज विचारलं, "आजी, नातवाचं ॲडमिशन का?"

"नाही," मी म्हटलं, "मुलीची सुटका."

त्याला वाटलं त्याने चुकीचं ऐकलं. मग मी उभी राहिले. आईने बजावलं होतं की शहरात फार बोलू नको. ते मी पन्नासहून जास्त वर्षं बऱ्यापैकी पाळलं होतं. त्या दिवशी सोडलं. शाळा इंग्रजी विकत होती, म्हणून मी इंग्रजीतच बोलले, वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात. "माय डॉटर टॉट केमिस्ट्री हिअर फॉर नाइन इयर्स. दे आर होल्डिंग हर सर्टिफिकेट्स, अँड दे विल नॉट इव्हन गिव्ह मी अ रिसीट."

पेनं थांबली. एका बाईने मराठीत विचारलं, "म्हणजे आता केमिस्ट्रीला कोण आहे इथं?"

"कुणी नाही. आणि ज्या येतील त्यांचेही कागद कपाटात जातील. फॉर्म भरा तुम्ही. तुमच्याकडून फक्त झेरॉक्स घेतात ना, ते बघा."

कुणीतरी हसलं. चिकलठाण्याच्या मुलाने फॉर्म घडी घालून खिशात ठेवला. आता प्रिन्सिपॉलबाई धावत आल्या. "मॅडम, प्लीज, आत या, एसीत बसून बोलू."

"इथे पंखा चांगला आहे," मी म्हटलं.

वीस मिनिटांत साहेब दुबईहून आले. आतल्याच खोलीतून. भर हॉलमध्ये वाकून माझ्या पाया पडले. "मॅडम, तुम्ही आईसारख्या. आधी नाही का सांगायचं? गायकवाड, मॅडमना ताटकळत ठेवलं तुम्ही?" गायकवाडने किल्ली काढली. शिव्या खायलाच त्याला पगार असतो.

फाईल मिळाली. मी तिथेच बसून यादीप्रमाणे एकेक कागद तपासला. सगळे होते. एमएस्सीच्या प्रमाणपत्राला पंचिंग मशीनने दोन भोकं पाडून ते दोरीत ओवलेलं होतं. एक भोक बरोबर विद्यापीठाच्या शिक्क्यावर.

रिक्षात मला वाटत होतं, अर्चना काहीतरी बोलेल. आपण जिंकलो होतो. हर्सूलच्या नाक्यापर्यंत ती बाहेर बघत राहिली. मग म्हणाली, "आई, तू तिथे बोललीस ते सगळं खरं होतं. पण पुण्याचं काय?"

तीच पुढे बोलली. "फेब्रुवारीत पुण्याच्या शाळेने मला घेतलं होतं. राहायची खोलीसुद्धा देणार होते. मी तुला सांगितलं. तू नको म्हणाली नाहीस. दुसऱ्या दिवशी सकाळी डायनिंग टेबलवर तुझ्या गुडघ्यांचे एक्स-रे मांडलेले होते. तारखेप्रमाणे. आठ वर्षांचे."

"ते मी डॉक्टरांना दाखवायला काढले होते."

"कधी दाखवलेस?"

रिक्षावाला आरशातून बघायला लागला. तिने आवाज चढवला नाही. "शाळेकडे माझे सात कागद होते. तुझी फाईल त्यांच्यापेक्षा जाड आहे आई."

मुलांनो, मी रागावले. तिच्यावर. सत्तर वर्षांची बाई, तुझ्यासाठी भर सभेत ओरडले, आणि तू मला त्यांच्या रांगेत बसवतेस? असं सगळं मनात आलं, आणि घरी पोचेपर्यंत एकेक गळून गेलं, कारण एक्स-रे मीच मांडले होते, आणि डॉक्टरांची अपॉइंटमेंट घेतलीच नव्हती.

रविवारी मी गायकवाडकडून नसरीनचा नंबर मिळवला. ती आता सिल्लोडला घरीच शिकवण्या घेते. मी नाव सांगितलं, आणि लांबण न लावता म्हणाले की तुझे कागद अडवले ती माझी चूक होती. मागे कुणीतरी पाढे म्हणत होतं.

"मेरा ठीक है मॅडम," ती म्हणाली. "पर अब्बा आखिर तक खुद को कोसते रहे, के मैंने मॅडम के सामने ठीक से बात नहीं की, इसलिए काम नहीं हुआ. उनको बोलना था आपने. अब तो गए वो."

मग तिने विचारलं, "और कुछ काम था मॅडम?"

नव्हतं.

सोमवारी अर्चना इस्त्रीची साडी नेसून बिडकीनला गेली. साडेअकराला तिचा फोन आला. "आई, इथेही ओरिजिनल जमा करा म्हणतायत. पॉलिसी आहे. बाई चांगल्या आहेत, चहा दिलाय मला." मी श्वास घेतला तोच ती म्हणाली, "मी विचारत नाहीये तुला. सांगतेय. मी म्हटलं, बघा, शिक्का मारा, झेरॉक्स ठेवा. नाही म्हणाले. निघालेय मी."

चौकातून बस असलेली, चांगल्या प्रयोगशाळेची नोकरी एका वाक्यात गेली, आणि ते वाक्य तिने माझ्याशिवाय म्हटलं. ती सव्वीस वर्षांची मुलगी रुजू झाली असेल. तिच्यावर मी रागवू कशी? तिचे कागद आता कपाटात असतील. मी रागावले आहे ते त्या कपाटांवर, त्यांना शिस्त म्हणणाऱ्या सगळ्यांवर, आणि शिकलेल्या माणसाला काम देताना चोर समजून आधी त्याचे पाय बांधणाऱ्या या सबंध रीतीवर. ती रीत मी पोसली. त्याचा राग उतरत नाही, उतरूही नये.

त्या दुपारी मी एक्स-रे पलंगाखालच्या पेटीत टाकले आणि अर्चनाला म्हटलं, "वही दे." 'ठिकाण' या रकान्यात तोपर्यंत सगळी नावं याच शहरातली आणि आसपासची होती. ती काही योगायोगाने नव्हती. मी तिच्यासमोर नाशिक लिहिलं, नागपूर लिहिलं, कोल्हापूर लिहिलं. पुण्याची जागा केव्हाच भरली होती; तेही मी फोन करून विचारलं आणि चौथ्या रकान्यात लिहून ठेवलं; 'कोण भेटलं' या रकान्यात माझंच नाव घातलं.

जूनच्या शेवटी नाशिककडच्या एका निवासी शाळेत तिला काम मिळालं. तिथल्या क्लार्कने ओरिजिनल घेतले, तिच्यासमोर झेरॉक्सशी ताडून पाहिले आणि दहा मिनिटांत हातात परत दिले. भोकं पडलेलं प्रमाणपत्र पाहून म्हणाला, "अरेरे, हे कुणी केलं?" अर्चनाने मला हे फोनवर सांगितलं तेव्हा आम्ही दोघी खूप हसलो, आणि मग मी फोन ठेवून थोडं बसले.

गेल्या रविवारी ती गेली. निघायच्या आदल्या संध्याकाळी तिने ती फाईल माझ्यासमोर धरली. म्हणाली, "तिथे एका खोलीत दोघी राहणार आहोत. कपाटाला कुलूप आहे की नाही माहीत नाही. तुझ्याकडे ठेवू का? तू नीट ठेवशील."

मी नीट ठेवते हे खरं आहे. माझा हात पुढे झालासुद्धा.

"नको," मी म्हटलं. "घेऊन जा. तिथे एक कुलूप विकत घे."

सोयगाव सोडून मला त्रेपन्न वर्षं झाली. तिथलं घर आता माझ्या चुलतभावाच्या मुलांचं आहे, या शहराचं नावसुद्धा बदललं, आणि या तीन खोल्यांत आता मी एकटी आहे. सकाळी कुणाचा डबा नसतो, म्हणून उशिरा उठते. घर म्हणजे जिथे आपल्या माणसांच्या वस्तू कुलपात सांभाळून ठेवलेल्या असतात ती जागा, असं मी समजत होते. सांभाळणं आणि अडकवणं यांत मला कधी फरक दिसला नाही. माझ्यासारख्या नीटनेटक्या माणसांना तो दिसतच नाही. गुडघे दुखतात, तुमच्या बाबांना सांगा, पण खाली लिफ्ट आहे आणि वरच्या मजल्यावरच्या शिंदेबाई रोज येतात. मी सांगतेय ते माहिती म्हणून. टेबलावर मांडून ठेवत नाही.

या पत्राबरोबर एक जाड पाकीट आहे. त्यात तुम्हा दोघांचे जन्माचे मूळ दाखले आहेत आणि लसीकरणाची कार्डं. तुम्ही तिकडे गेलात तेव्हा बाबांना मी म्हणाले होते, हे इथेच राहू दे, तिकडे हरवेल. त्यांनी तीन-चारदा मागितले. दर वेळी मी म्हणाले, याल तेव्हा घेऊन जा.

आता ते तुमच्याकडे आहेत. यावंसं वाटेल तेव्हा घरी या. काही न्यायचं राहिलंय म्हणून येऊ नका.

तुमची,
आजी